खांबेटे मॅडमचे हात

खांबेटे मॅडमनी पहिल्या दिवशी मला उंदीर दाखवलाच नाही.

एम. फार्म. होऊन मला फार दिवस झाले नव्हते. मेहकरच्या शाळेत शिकलेली मी, घरातली पहिलीच पदवीधर. वडिलांचं बस स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. जयपूरच्या सीतापुऱ्यात एक संशोधन संस्था आहे, तिथे मनाच्या आजारांवरची नवी औषधं आधी प्राण्यांवर तपासतात आणि त्या विभागाच्या प्रमुख मराठी बाई आहेत, एवढंच आम्हाला कळलं होतं. त्या 'मराठी बाई'च्या भरवशावर आईने मला इतक्या लांब पाठवलं. इस्त्री केलेला पांढरा कोट पिशवीत घालून मी वेळेआधी फाटकावर पोचले. तिथे एक बुटक्या, रुंद खांद्यांच्या, आखूड करड्या केसांच्या बाई स्कूटर चालूच ठेवून उभ्या होत्या.

"सुनीता ना? बस मागे. कोट राहू दे पिशवीत."

शहरातल्या एका मनोरुग्णालयाच्या ओपीडीत त्यांनी मला नेलं. तिथले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. लाकडी बाकावर मला बसवून म्हणाल्या, "दुपारी घ्यायला येते. कुणाला काही विचारू नको, काही लिहू नको. फक्त बघ." आणि गेल्या. मी हबकून तिथेच बसून राहिले. नोकरीचा पहिला दिवस, अनोळखी शहर, आणि आजूबाजूला ज्यांच्याकडे रोखून बघू नये असं लहानपणापासून शिकवलेलं ती माणसं.

दुपारी बाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"खिन्नता, निद्रानाश, भूक मंदावणे, हालचाली मंदावणे..."

"हे तू मेहकरहून घेऊन आलीस. इथे काय दिसलं ते सांग."

मला रडूच येणार होतं. मग आठवेल ते सांगितलं. एका माणसाचं नाव पुकारलं गेलं. त्याने ऐकलं, मानही वर केली, पण उठला नाही. पुन्हा पुकारलं. त्याने बायकोकडे बघितलं. तिने कोपराला धरून उठवलं, आणि एकदा उठल्यावर तो व्यवस्थित चालत आत गेला.

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "आता हा माणूस उंदरात कसा शोधशील?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मला पण नाही माहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला घेतलं. चल, आता उंदीर बघू."

मॅडमचे वडील विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन साताऱ्याहून जयपूरला आले आणि इथलेच झाले. मॅडम इथेच वाढल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'मतलब' आणि 'अच्छा' सुखाने नांदत होते. कधी भाजीवाल्याशी मराठीत आणि माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि भाजीवाल्याला कळलं नाही की त्याच्यावरच वैतागायच्या. मी एकदा वऱ्हाडी ढंगात "मॅडम, मले वाटलं..." म्हणाले आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "चावू नको. तुझी निदान एका गावची आहे. माझी तर ट्रान्सफरवाली आहे."

त्यांची प्राण्यांची खोली बघून पाहुणे चक्रावून जात. बाहेर राजस्थानचं ऊन भाजून काढत असायचं आणि आत भर दिवसा रात्र. एक मंद लाल दिवा, बाकी मिट्ट काळोख. संध्याकाळी सगळे घरी गेले की तिथे आपोआप दिवे लागायचे. उंदीर रात्रीचा प्राणी. तो जागा असतो तेव्हाच त्याला तपासायचं म्हणून मॅडमनी त्याचा दिवस आणि रात्र उलटे करून टाकले होते. याआधी कित्येक वर्षं तिथे दिवसा, लख्ख उजेडात, झोपेतून उठवलेल्या उंदरांवर चाचण्या चालायच्या. का, तर माणसांची ऑफिसची वेळ ती. "तुला पहाटे तीनला उठवून गणित घातलं तर तू मठ्ठच निघणार," त्या म्हणायच्या. "आणि वर मी पेपर लिहीन की मेहकरची मुलं मठ्ठ असतात."

दुसरा नियम शब्दांचा. नोंदीत प्राण्याच्या भावना लिहायच्या नाहीत. मी सुरुवातीला एकदा 'उंदीर घाबरला' असं लिहिलं. त्यांनी खोडलं. "घाबरला हे तुला कोण बोललं? त्याने काय केलं? कोपऱ्यात गेला. तर कोपऱ्यात गेला लिही. घाबरला की नाही ते आपण नंतर बघू, आणि बघूनही बहुतेक चुकूच."

संक्रांतीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जयपुरात संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं. आमच्या शेजारी एका कॉलेजचं हॉस्टेल होतं. त्या पोरांनी सणाच्या आदल्या दिवशीच गच्चीवर स्पीकर लावले. भिंती हादरायला लागल्या. चाचण्या आम्ही बंद ठेवल्या होत्या, पण पिंजऱ्यातल्या माद्यांना नुकतीच पिल्लं झाली होती, आणि अशा दणदणाटात काही वेळा आई पिल्लांना खाऊन टाकते. मॅडम तडक हॉस्टेलच्या गच्चीवर गेल्या. मी मागे. पोरांना वाटलं आंटी नाचायला आल्या.

"आंटीजी, आज के दिन कौन बंद करता है?"

मॅडमनी गच्चीवरून नजर फिरवली. "सगळ्यात चांगला कोण उडवतं तुमच्यात?" असं हिंदीत विचारलं. एका उंच पोराला सगळ्यांनी पुढे ढकललं. "मी तुझा पतंग कापला तर स्पीकर बंद. तू माझा कापलास तर मी इथे नाचीन."

मी जागच्या जागी थिजले. आमच्या मेहकरात पन्नाशीची बाई पतंगाला हात लावताना मी पाहिली नव्हती. मॅडमनी पदर खोचला, कुणाच्या तरी पतंगाचा मांजा हातात घेतला, त्याची चरखी मला दिली आणि पुढच्या काही मिनिटांत त्या पोराचा पतंग डुलत डुलत पलीकडच्या कारखान्यावर गेला. गच्चीवर "वो काटा" झालं. स्पीकर बंद झाले. खाली येताना त्यांच्या बोटावर मांज्याने चिरलेलं होतं, त्यातून रक्त येत होतं. "नाचायला मला काही हरकत नव्हती," त्या म्हणाल्या, "पण गुडघा."

त्यांचे हात मला तेव्हापासून लक्षात राहिले. आखूड, जाड बोटांचे, गरम. या हातांमुळेच पुढे सगळं घडलं, म्हणून आता आमच्याकडची पाण्याची चाचणी काय असते ते सांगायला हवं.

काचेच्या उंच नळकांड्यात पाणी भरायचं. उंदराला त्यात सोडायचं. बाहेर पडायला वाट नाही, तळाला पाय टेकत नाहीत. तो आधी धडपडतो, भिंतीला पंजे मारतो. थोड्या वेळाने धडपड थांबवतो आणि नाक वर ठेवून नुसता तरंगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं तर लवकर तरंगायला लागतो. हे तरंगणं म्हणजे हताशपणा, हार मानणं, असं धरतात. एखादं औषध दिल्यावर तो जास्त वेळ धडपडला, तर ते औषध माणसाच्या खिन्नतेवरही चालेल अशी आशा धरायची. जगभर कितीतरी ठिकाणी हे असंच मोजलं गेलंय. आम्हीही तेच करत होतो.

फरक एवढाच की मॅडम आपल्या उंदरांना स्वतः बाहेर काढत. वेळ संपल्याची घंटा वाजली की खोलीत येत, बाही वर करत, दोन्ही हात पाण्यात घालून त्याला उचलत. "झालं हां, झालं," म्हणत आपल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून पुसत, गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवत आणि साखरेचा दाणा तोंडाशी धरत. "पाण्यात टाकायचं पाप आपण करतो," त्या म्हणत, "मग निदान बाहेर काढायचं काम तरी नोकरावर सोडू नये." पाहुण्यांना हे बघून भरून येई. मलाही.

या पाण्यातूनच आमचं औषध निघालं होतं. एका झुडपाच्या मुळातून काढलेलं, मॅडमनी कित्येक वर्षं सांभाळलेलं. ते दिलेले उंदीर थांबतच नसत, पोहतच राहत. संस्थेचे मालक भंडारीजी खूश होते. औषध माणसांवरच्या पहिल्या चाचणीला पाठवायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

आणि मुरलीपुऱ्यात, मॅडमच्या घरी, त्या औषधाची वाट बघत एक माणूस बसला होता.

अविनाश. मॅडमचा धाकटा भाऊ. एके काळी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका जव्हेऱ्याकडे दागिन्यांची नक्षी काढायचा. त्याने काढलेली मोराची मान अजून त्या गल्लीत नावाजली जाते, असं मॅडम सांगत. तिशीत आजारी पडला. डॉक्टरांची औषधं चालू होती. "त्या औषधांनी तो जगला," मॅडम म्हणत. "उठला मात्र नाही." आईवडील गेल्यावर बहीणभाऊ दोघंच त्या घरात. मॅडमनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

रविवारी मला त्या जेवायला बोलवत. अविनाश खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत असे. स्वच्छ दाढी केलेला, धुतलेले कपडे, आणि तसाच बसलेला. दर रविवारी कधीतरी तो एक प्रश्न विचारी.

"ताई, माझी दवा बनली का?"

"बनतेय."

"उंदीर पोहतायत?"

"खूप पोहतायत."

मग तो मान हलवून पुन्हा खिडकीकडे बघे.

श्रावणातल्या तीजच्या सणाच्या सुमारास मॅडमनी घेवर आणला, पाकात भिजवलेली जाळीदार गोल मिठाई. जयपुरात तेव्हा सगळीकडे घेवरच असतो, आणि अविनाशला तो लहानपणापासून प्रिय. "अवी, रबडीवाला घेवर आणलाय. स्वयंपाकघरात ठेवलाय."

"हो," तो म्हणाला. उठला नाही.

आम्ही गप्पा मारत राहिलो. बऱ्याच वेळाने नेहमीसारखं मॅडमनी स्वतः बशीत तुकडा आणून त्याच्या हातात दिला. त्याने खाल्ला, आणि माझी खात्री होती की त्याला काही चव लागणार नाही. पुस्तकात तसंच होतं. पण त्याने डोळे मिटले. "वाह. तोच हलवाई ना? वेलची जास्त आहे या वेळी."

"अजून आहे आत. घे जाऊन."

"राहू दे."

मॅडमच्या हातातला चमचा थांबला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनीता, याला गोड लागतंय. वेलचीसुद्धा कळतेय. मग हा आजारी कुठे आहे?"

भावासमोर असं बोललेलं ऐकून मला धक्काच बसला. अविनाश हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी इथेच बसलोय."

"दिसतंय. तूच सांग. कुठे आहे?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग त्याने बोट उचललं. खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत हवेत एक रेघ ओढली.

"इथून तिथपर्यंत," तो म्हणाला. "मधे."

सोमवारी मॅडम कामावर आल्या त्या एक चित्र घेऊनच. दोन वाटा फुटणारी एक बंद लाकडी गल्ली. एका वाटेच्या टोकाला जवळच साधं धान्य. दुसऱ्या टोकाला गोड गोळ्या, पण मधे जाळीची भिंत. चढून जावं लागेल अशी. तशी गल्ली आम्ही बनवून घेतली. निरोगी उंदीर भिंत चढून गोडाकडे जातात. बरेच दिवस ताण दिलेले उंदीर, ज्यांना गोड आयतं समोर ठेवलं तर मिटक्या मारत खातात, ते जाळीपाशी येतात, वर बघतात, आणि परत फिरून साधं धान्य खातात. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला त्या ओपीडीतला माणूस आठवला. मॅडम लाल उजेडात वाकून बघत होत्या. "हा बघ," त्या कुजबुजल्या. "मधे."

मग त्या उंदरांना आमचं औषध दिलं. काही फरक पडला नाही. उंदीर जाळीपाशी यायचे, वर बघायचे, फिरायचे. मात्रा बदलली. दिवस वाढवले. काही नाही.

मॅडम भंडारीजींकडे गेल्या. त्यांनी समजूत घातली. ती भिंत तुमच्या डोक्यातून निघालेली आहे मॅडम, पाण्याची चाचणी सगळं जग मानतं, दोन चाचण्यांचं पटत नसेल तर जगाचं ऐका. बोलणं अगदीच चूक नव्हतं. मॅडम परत आल्या आणि म्हणाल्या, "दोघींपैकी एक खोटं बोलतेय. चल, पाणी पुन्हा बघू."

त्या दिवशी काय झालं ते मी आजही तसंच्या तसं सांगू शकते. नेहमी उंदीर पाण्यात असताना खोलीत कुणी नसे. कॅमेरा बघत असे. घंटा वाजली की कॅमेरा बंद होई आणि मग मॅडम आत येत. त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून त्या घंटेआधीच आत आल्या. मी कोपऱ्यात उभी. औषध न दिलेला उंदीर पाण्यात निश्चल तरंगत होता. आदल्या दिवशी मॅडमनीच त्याला काढलं, पुसलं होतं.

मॅडम आत पाऊल टाकतात तोच त्याने नाक वळवलं.

त्या थांबल्या. मग हळूच डावीकडे सरकल्या. नाक डावीकडे वळलं. उजवीकडे गेल्या. ते उजवीकडे. त्या दाराबाहेर गेल्या. उंदीर पुन्हा निश्चल. पुन्हा आत आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "झालं हां." तर तो त्यांच्या बाजूच्या काचेशी आला, आणि पुढचे दोन पंजे काचेवर टेकून तरंगत राहिला.

मॅडम काचेशी वाकल्या.

"हा हताश नाही," त्या म्हणाल्या. "हा माझी वाट बघतोय."

त्यांनी त्याला काढलं, पुसलं, गरम पिशवीवर ठेवलं. मग औषध दिलेला उंदीर सोडायला लावला. तो धडपडला, पोहला, थांबलाच नाही. मॅडम डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, बोलल्या. त्याने मान वळवली नाही. आदल्या दिवशी त्यालाही त्याच हातांनी काढलं होतं. त्याच्या लेखी ते हात जणू नव्हतेच.

पुढचे काही आठवडे आम्ही नवी तुकडी घेतली. काहींना मॅडमनी काढलं, काहींना मी, कोट-मास्क घालून, न बोलता, लांब दांडीच्या जाळीने. जाळीने काढलेले दुसऱ्या दिवशी मॅडमच्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ धडपडले. कुणी येईल असं त्यांना वाटायचं काही कारणच नव्हतं.

"सुनीता, तुला मी शिकवलं ना, घाबरला लिहू नको म्हणून?" एका दुपारी त्या डब्याचं झाकणही न उघडता म्हणाल्या. "आणि मी स्वतः काय केलं? तरंगला, एवढंच दिसलं होतं. मी हताश वाचलं. त्यांचा भरवसा मोजला आणि त्याला निराशा म्हटलं. मग ज्या दवेने तो भरवसा पुसला जातोय, तिला मी औषध म्हटलं."

"पण पुसला जातोय हे तरी कुठे नक्की आहे, मॅडम?"

"नाही ना. नक्की नाही. मग ते माणसाच्या तोंडात कसं घालू?"

भंडारीजींच्या बैठकीला मला फायली धरायला नेलं होतं. बाहेरच्या कंपनीची माणसं आली होती. पेढे आले होते. भंडारीजींनी दोन शब्द बोलायची विनंती केली, तेव्हा मॅडम उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "ये दवा आगे नहीं जानी चाहिए."

भंडारीजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "मैडम, तबीयत तो ठीक है?"

मॅडमनी सगळं सांगितलं. उंदीर, नाक, जाळी, साडीचा तुकडा. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की सगळेच तर ही चाचणी करतात, मग तुम्हालाच हा साक्षात्कार कसा?

"सबका मुझे नहीं पता," मॅडम म्हणाल्या. "गलती तौलिये की है, और तौलिया मेरा है."

बैठक मोडल्यावर भंडारीजी जिन्यात त्यांना गाठून हळू आवाजात बोलले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मैडम, आप तो अपने भाई के लिए बना रही थीं."

"इसीलिए," मॅडम म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

मी मागून उतरत होते. इतक्या वर्षांचं काम एखादा माणूस स्वतःच्या तोंडाने असं पाण्यात सोडून देऊ शकतो, हे मला कुठल्याच शाळेत कुणी दाखवलं नव्हतं. फाटकाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "घरी चल माझ्याबरोबर. अवीला सांगायचंय. एकटीने नाही होणार."

अविनाश खिडकीपाशी होता. मॅडम चप्पलही न काढता त्याच्यासमोर बसल्या.

"अवी, दवा नाही बनली."

तो बघत राहिला.

"मी चुकीचं मोजत होते. मतलब, सगळंच."

"उंदीर बुडाले?"

"नाही रे. बुडाले नाहीत. ते तरंगत होते, कारण त्यांना ठाऊक होतं मी काढणार म्हणून. मला वाटलं त्यांनी हार मानली. ते माझी वाट बघत होते."

अविनाशच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी हललं. हसू असावं.

"मग बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "मी पण तेच करतो."

मॅडमना कळलं नाही. मलाही नाही.

"बशी तूच आणतेस ना," तो म्हणाला.

मॅडमनी आपल्या हातांकडे बघितलं, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. आजार काही त्यांच्या हातांनी आलेला नव्हता. हे त्याही जाणत होत्या आणि तोही. म्हणूनच बहुतेक तो पुढे अगदी साधेपणाने म्हणाला, "ताई, उंदराला ती भिंत लावतेस ना. मला पण लाव."

"तू काय उंदीर आहेस?"

"आता इतकी वर्षं त्यांच्याच भरवशावर होतो ना आपण," अविनाश म्हणाला.

औषधाचं काम बंद झालं. विभाग लहान झाला. मॅडमना एक खोली आणि ती जाळीची भिंत ठेवू दिली. माझ्या जागेला पैसे उरले नाहीत. माझ्यासाठी त्यांनीच नागपुरात शब्द टाकला. कोटाच्या खिशात हात घालून उभ्या उभ्या म्हणाल्या, "तिथेही आधी ओपीडीत जाऊन बस. कुणी हसलं तर हसू दे."

निघायच्या दिवशी मी मुरलीपुऱ्यात निरोप घ्यायला गेले. पुढचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकणार तोच समोरचं बघून उंबऱ्यातच थबकले.

अविनाश खुर्चीत होता. खोलीच्या पलीकडच्या टोकाला, टेबलावर, बशीत घेवर. आणि दोघांच्या बरोबर मधे, वाट अडवून, एक लाकडी स्टूल. मॅडम भिंतीशी दिवाणावर बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात दिसत नव्हते. मग लक्षात आलं. त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले होते. एखादं हट्टी मूल स्वतःच्याच हातांवर बसावं तशा. त्यांनी मला बघितलं आणि नुसती मान हलवली. बोलू नको.

"रोज?" मी ओठांनीच विचारलं.

त्यांनी होकार दिला. आणि मग नकारार्थी मान हलवली. म्हणजे रोज ठेवते, पण तो अजून उठलेला नाही. शेवटी संध्याकाळी डाळभात त्याच्या हातात देतेच, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. उपाशी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त घेवर तिथेच राहायचा.

माझी ई-रिक्षा बाहेर उभी होती. मी वळणारच होते, तेवढ्यात वेताची खुर्ची करकरली.

अविनाश उठला. खुर्चीच्या हातांना धरून, थांबत, पण उठला. स्टुलापाशी आला आणि वर नाही, खाली बघत उभा राहिला. आमचे कितीतरी उंदीर त्या जागेवरून परत फिरलेले मी पाहिले होते, आणि काही चढून गेलेलेही. त्या दोन्हींखेरीज तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो वाकला, स्टूल उचललं आणि बाजूला ठेवलं.

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. एकाही उंदराने भिंत उचलली नव्हती.

मग तो दमला. एवढ्यानेच दमला. बाजूला ठेवलेल्या त्याच स्टुलावर बसला, पाठीत वाकून, हात गुडघ्यांवर. बशी त्याच्यापासून हातभर अंतरावर. मॅडमचा उजवा हात मांडीखालून सुटला, हवेत अर्ध्यापर्यंत आला.

आणि त्यांनी तो परत मांडीखाली घातला.